काटा मारू नका

या वीकेंडला कोड, मॅनेजर, अप्रेझल वगैरे काही नाही. आज भांडण आहे, आणि ते गाडीच्या डॅशबोर्डवरून आहे.

आमच्या जालन्याच्या मोंढ्यात एखाद्या व्यापाऱ्याबद्दल सगळ्यात वाईट काय बोलता येतं? "तो काटा मारतो." बस्स. माणूस उधारी बुडवणारा असेल, तोंडाचा फटकळ असेल, चालतं. पण काटा मारणारा म्हटला की शेतकरी मोसंबीची गाडी पुढच्या दुकानाकडे वळवतो. म्हणून तर वजनकाट्यावर सरकारी शिक्का लागतो आणि त्याची ठराविक मुदतीने तपासणी होते. रिक्षाच्या मीटरचंही तेच. आणि हीच आपली माणसं स्वतःच्या गाडीतला काटा मात्र पैसे मोजून बिघडवून घेतात! वर फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

विषय जुन्या परफॉर्मन्स गाड्यांचा आहे. आमच्या भागात म्हणजे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली, जालना रोडवरच. आमच्याकडची कितीतरी पोरं एसटीच्या खिडकीतून तो कारखाना बघत कॉलेजला गेली. २००४ मध्ये व्हीआरएस आली: १.८ टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवर. तेव्हा ती डॉक्टर-बिल्डर लोकांची गाडी होती. आज तीच हात बदलत बदलत आमच्या वयाच्या पोरांच्या आवाक्यात आली आहे. आनंदच आहे. दुःख हे की गाडी घरी आल्यावर पहिलं काम काय? टायमिंग बेल्ट? नाही. सस्पेन्शनचे बुश? नाही. "भाऊ, मीटर व्हाइट करून घेऊ!"

मीटर व्हाइट करणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. क्लस्टर उघडायचं, काटे उपटायचे, मूळ डायलवर छापील पांढरी शीट चिकटवायची, मागे निळे नाहीतर जांभळे एलईडी भरायचे आणि काटे परत दाबून बसवायचे. गॅरेजवाला म्हणतो, "लुक बघा ना, लुक!" लुक बघितला. आता हिशोब बघू.

समजा डायलवरचे २६० किलोमीटर साधारण २६० अंशांत पसरलेत. म्हणजे काटा एक अंश चुकीचा बसला की एक किलोमीटरची चूक. अंदाजाने बसवलेला काटा आठ-दहा अंश सहज हुकतो. आणि ही चूक टक्क्यांत नाही, सरसकट आहे. ती गावातल्या चाळीसलाही तेवढीच आणि हायवेच्या एकशेवीसलाही तेवढीच. काटा खालच्या बाजूला हुकला तर १२० दिसताना तुम्ही १३० ने जाताय. त्यात आपण खड्ड्यांसाठी म्हणून २०५/५५ च्या जागी २०५/६० चे टायर टाकलेले असतात. १६ इंची रिमवर चाकाचा व्यास ६३२ मिलिमीटरचा ६५२ होतो, म्हणजे आणखी तीन टक्के वेग काट्याला न कळवता वाढला.

"कंपनीचा मीटर पण खोटाच असतो," असं लगेच कोणीतरी म्हणणार. बरोबर आहे, पण तो कुठल्या बाजूला खोटा आहे ते बघा ना! संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा नियम क्रमांक ३९ सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवायचा झाला तर खऱ्या वेगाचे दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, एवढीच मुभा. म्हणजे कंपनीची चूक ठरवून तुमच्या जिवाच्या बाजूने केलेली असते. गॅरेजातली चूक जिकडे पडेल तिकडे.

हे सगळं आता का बोलतोय? कारण आता आमच्याकडे समृद्धी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे. जालन्याला चढायचं आणि सरळ सुटायचं. कारला मर्यादा १२० ची. जुलै २०१९ नंतरच्या नव्या गाड्या ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सारख्या टुंगटुंग करतात. वीस वर्षं जुन्या गाडीत सांगणारं दुसरं कोणी नाही. तो एक काटाच आहे. आणि मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत तापलेल्या काँक्रीटवर तुमच्या टायरला १२० आणि १३० मधला फरक चांगला कळतो, तुम्हाला कळो न कळो.

वेगाचं सोडा. माझ्या आत्येभावाच्या गाडीचं सांगतो. पांढरी शीट, निळे लाइट, सगळं साग्रसंगीत करून घेतलेलं. शीटला इशाऱ्याच्या दिव्यांसाठी पाडलेली भोकं जागेवर नव्हती, ऑइलचा लाल दिवा अर्धा झाकला गेला होता. बझर "सारखा वाजतो" म्हणून काढून टाकलेला. अंबडच्या पुढे आतल्या रस्त्याला खालून दगड लागला, चेंबर फुटलं. तेल रस्त्यावर आणि हा गाणी ऐकत चाललाय. दुपारच्या उन्हात पांढऱ्या डायलवर अर्धा लाल दिवा कोणाला दिसणार? इंजिन जाम झालं तेव्हाच गाडी थांबली. टर्बोही गेला. "दादा, लाइट दिसलाच नाही रे," एवढंच तो म्हणत होता. आणि गॅरेजवाल्याचं उत्तर? "आपण फक्त लुकचं काम केलं होतं." अहो, लुकचंच काम होतं ते. दिवा दिसणं हाच त्याचा लुक!

आता दुसरी बाजू, कारण शुद्धतावाद्यांनाही सोडायचं नाहीये. यांचं म्हणणं, "कंपनीने दिलंय ते दैवी आहे, एक स्क्रूसुद्धा हलवू नका." माफ करा, कंपनीही काटा मारते. फोक्सवॅगन गटाच्या त्या काळातल्या गाड्यांत कूलंटचं तापमान ७५-८० पासून १०५ च्या आसपासपर्यंत कुठेही असो, काटा ९० वर ताठ उभा. मुद्दाम तसा केलेला. काटा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतं, म्हणून काट्यालाच गप्प केलं. माझ्दाने मियाटामध्ये सुरुवातीला ऑइल प्रेशरचा खरा गेज दिला होता. १९९५ च्या सुमारास त्याच जागी नुसता "आहे-नाही" सांगणारा काटा आला. दिसायला गेज, वागायला बल्ब.

म्हणून माझा पक्ष सरळ आहे. जुन्या टर्बो गाडीला जादा गेज लावा, जरूर लावा. तेलाचा दाब, कूलंटचं खरं तापमान, बॅटरीचे व्होल्ट, आणि टर्बो आहे म्हणून बूस्ट. दिवा लागतो तो दाब पार खाली गेल्यावर, पण गेज तुम्हाला महिनाभर आधी सांगतो की गरम इंजिनचा दाब हळूहळू उतरतोय. फोक्सवॅगनच्या याच १.८ टर्बो घराण्यातल्या इंजिनांत, पासाट आणि ऑडी ए-४ मध्ये, तेलाचा गाळ धरायचा. अमेरिकेत त्यासाठी कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती. असल्या घराण्यात तेलाचा गेज म्हणजे चैन नव्हे.

पण लावायचे तर नीट लावा. तेलाची गरम नळी केबिनमध्ये आणणारा मेकॅनिकल गेज नको, इलेक्ट्रिक सेंडरवाला घ्या. सेंडरचे आटे तपासा. इंजिनाकडे एम-१० चे आटे आणि बाजारातला सेंडर बहुधा एक-अष्टमांश एनपीटीचा. "बसतंय की" म्हणून पान्याने पिळलं तर ब्लॉकची वाट लागते, अडॅप्टर घ्या. बूस्टच्या नळीला टी टाकली तर क्लिप लावा, नाहीतर हवा गळून इंजिन आयडलला कुंथायला लागतं. वायरला स्वतःचा फ्यूज. लाइट मूळ डिमरवर, कारण रात्री डोळ्यात घुसणारा निळा उजेड समोरची बैलगाडी लपवतो. आणि मूळ क्लस्टरला हात लावू नका. त्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर क्लस्टरमध्येच असतो. तो बिघडला की गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते.

आणखी एक, जे बोलायला लोक कचरतात. ओडोमीटरचा आकडाही त्याच क्लस्टरमधल्या एका चिपमध्ये असतो. "क्लस्टर उघडलंच आहे तर मीटर पण मागे करून देतो," हे वाक्य लुकच्या कामासोबत फुकटात मिळतं. अमेरिकेने १९७२ मध्येच यासाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे याला "सेटिंग" म्हणतात, जणू घड्याळच लावतोय. दीड लाख चाललेली गाडी सत्तर हजारांची म्हणून विकली की पुढचा माणूस टायमिंग बेल्ट बदलत नाही, आणि एक दिवस त्याचे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मोंढ्यात निदान मोसंबीच कमी भरतात हो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालतं. प्रोजेक्ट बुडतोय आणि रिपोर्टमध्ये सगळे चौकोन हिरवे. तिकडे रोज शिव्या घालणारे आम्हीच वीकेंडला गाडीत तोच हिरवा चौकोन बसवतो. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या भट्ट्या आहेत. भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या मीटरवर कोणी जांभळी लायटिंग केलेली बघितली का? नाही करणार, कारण त्या आकड्यावर माल आणि माणसं दोन्ही अवलंबून असतात.

तेव्हा कुठलाही गेज लावण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा काटा हलला तर मी काय करणार? "गाडी बाजूला घेणार", "वेग कमी करणार", "तेल तपासणार" असं काही उत्तर असेल तर खुशाल लावा, दोन लावा. उत्तर "फोटो काढणार" असेल तर एक छानसं स्टिकर घ्या, मागच्या काचेवर चिकटवा. स्वस्तात होईल आणि कोणी मरणार नाही. :-)

असो. पटलं तर घ्या. पटलं नाही तरी जीपीएसवर तुमच्या काट्याचे १२० एकदा तपासून बघा.