फुलाचे नाव आणि घरची हाक

सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे लांछन रक्तकमल; त्यामुळे पद्मजा, नलिनी ही नावे आपल्या घरांत परकी नाहीत. मात्र बारशाचे नाव घरात आपोआप आखूड होते. प्राजक्ताची प्राजू गोड वाटते, पण केतकीची ‘केतू’ झाली की आजीला ग्रह आठवतो! म्हणून नाव ठरवण्यापूर्वी लाडाची हाकही मारून पाहावी. जुईला तर आखूड करण्याची गरजच नाही.

लाडाचे नाव घरापुरतेच असावे. वडिलांनी मुदतठेवीच्या नामनिर्देशनात ‘बेबी’ लिहिलेले आणि आधारकार्डावर ‘शेवंती’. अशा लेकींना पितृशोकात प्रतिज्ञापत्रांसाठी धावताना मी बँकेत पाहिले आहे. जन्मनोंदीत बाळाचे नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. बारशानंतर तेवढे अवश्य करावे.