सूर्य सगळ्यांचा, पण वीज कुणाची?

जानेवारी २०२५ मध्ये अबुधाबीत एका प्रकल्पाची घोषणा झाली. तिथली मस्दर कंपनी आणि सरकारी वीज-पाणी कंपनी मिळून ५,२०० मेगावॅटचे सौर पॅनल लावणार, जोडीला १ कोटी ९० लाख युनिट साठवणारी बॅटरी उभारणार आणि त्यातून दिवसरात्र, अखंड १,००० मेगावॅट वीज देणार. खर्च सुमारे ६ अब्ज डॉलर. ज्या देशाची सारी भरभराट तेलावर झाली, तोच आता सूर्याकडून रात्रीचीही वीज मागतो आहे. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. सगळ्या जगाची वीज सूर्यावर चालू शकेल का?

हिशोब काय सांगतो?

सूर्य कमी पडणार नाही, हे आधी मान्य करायला हवे. पृथ्वीवर दीडेक तासात पडणारे ऊन अख्ख्या मानवजातीच्या वर्षभराच्या ऊर्जेला पुरेल एवढे असते. आता जमिनीचा हिशोब बघा. जगात वर्षाला साधारण ३० लाख कोटी युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला सुमारे १५ लाख युनिट देतो आणि त्याला चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे सगळी वीज सूर्यापासून घ्यायची तर २ कोटी मेगावॅटचे पॅनल आणि सुमारे १० कोटी एकर, म्हणजेच ४ लाख चौरस किलोमीटर जमीन लागेल. महाराष्ट्र आणि वर त्याचा एक तृतीयांश, एवढी ही जागा. एकट्या सहारा वाळवंटात अशा वीस-बावीस जागा मावतात.

भावाचेही तेच. २०१० च्या सुमारास भारतात सौर विजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला सौर पार्कच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. नव्या कोळसा प्रकल्पाला या भावात वीज देणे कठीण आहे.

मग अडले कुठे? २०२४ मध्ये जगाच्या विजेत सौर विजेचा वाटा जेमतेम ७ टक्के होता. शिवाय आपण वापरतो त्या एकूण ऊर्जेत विजेचा हिस्सा पाचवाच. बाकी ट्रकचे डिझेल, विमानाचे इंधन, पोलाद आणि सिमेंटच्या भट्ट्या. त्या विजेवर आणायच्या तर पॅनल आणखी कितीतरी पट लागतील.

अडचण रात्रीची आणि तारांची

अबुधाबीचे आकडे पुन्हा बघा. अखंड १,००० मेगावॅटसाठी ५,२०० मेगावॅटचे पॅनल लावावे लागतात, कारण पॅनल रात्री काहीच देत नाही आणि सकाळ-संध्याकाळ थोडेच देतो. दुपारची जास्तीची वीज साठवून रात्री वापरायची, तर पॅनलच्या जोडीला मोठी बॅटरी आलीच. बॅटरीचे भाव गेल्या दशकात खूप उतरले, म्हणूनच हा प्रकल्प आज शक्य वाटतो. पण अबुधाबीत वर्षभर ऊन असते. आपल्या पावसाळ्यात किंवा युरोपच्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे आभाळ राहते, तिथे एका रात्रीची बॅटरी पुरत नाही. तिथे पवनऊर्जा, जलविद्युत यांची साथ लागणारच.

मग जिथे ऊन आहे तिथून वीज आणता येणार नाही का? तोही प्रयत्न झाला. २००९ मध्ये सीमेन्स, डॉइश बँक, म्युनिक रे अशा जर्मन कंपन्यांनी ‘डेझर्टेक’ ही योजना पुढे आणली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वीज तयार करायची आणि समुद्राखालून केबल टाकून २०५० पर्यंत युरोपची १५ टक्के गरज भागवायची. अंदाजे खर्च ४०० अब्ज युरो. २०१२ मध्ये सीमेन्स बाहेर पडली आणि २०१४ पर्यंत बहुतेक भागीदार निघून गेले. खर्च अफाट होता, प्रदेशात राजकीय उलथापालथ सुरू होती आणि तोवर खुद्द युरोपात पॅनल स्वस्त झाले होते. एक प्रश्न मात्र तेव्हाही विचारला गेला. आफ्रिकेचे ऊन युरोपला, मग आफ्रिकेला काय? सहाराच्या दक्षिणेला आजही सुमारे ६० कोटी लोकांच्या घरात वीज नाही.

पाकिस्तानचा धडा

खरी गोम इथेच आहे आणि ती सर्वात स्पष्ट दिसते पाकिस्तानात. २०२४ या एका वर्षात त्या देशाने सुमारे १७,००० मेगावॅटचे सौर पॅनल आयात केले, बहुतेक चीनमधून. ही काही सरकारची मोठी योजना नव्हती. विजेची बिले परवडेनाशी झाली, लोडशेडिंग संपेना, तेव्हा लोकांनी स्वतःच्या पैशाने छतावर, शेतात, कारखान्यांवर पॅनल चढवले. सामान्य माणसाने मनावर घेतले तर बदल किती झपाट्याने होतो, याचे हे उदाहरण आहे.

पण दुसरी बाजूही बघावी लागेल. पाकिस्तान सरकारने वीज प्रकल्पांशी केलेल्या करारांत अशी अट आहे, की वीज घ्या किंवा न घ्या, ठराविक रक्कम द्यावीच लागते. ज्यांचे स्वतःचे छत आहे आणि हाती पैसा आहे, ते सरकारी विजेतून बाहेर पडले किंवा फक्त रात्रीपुरते उरले. खर्च मात्र तेवढाच राहिला. तो आता कुणाच्या बिलात जाणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या, छोट्या दुकानदाराच्या, ज्याला पॅनल परवडत नाही त्याच्या. त्याचे बिल वाढले की आणखी काही जण बाहेर पडतात आणि उरलेल्यांवरचा बोजा पुन्हा वाढतो.

यात पॅनल लावणाऱ्याचा दोष नाही. स्वस्त वीज सर्वांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आधी केली नाही, हा दोष आहे.

पॅनल कुणाच्या घामाचे?

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. पॅनलचा कच्चा माल म्हणजे पॉलिसिलिकॉन. २०२० च्या सुमारास जगातले जवळपास ४५ टक्के पॉलिसिलिकॉन शिनजियांग प्रांतातून येत होते, जिथे उइगूर मुस्लिमांना सक्तीने राबवले जात असल्याचे आरोप आहेत. चीन ते नाकारतो. अमेरिकेने मात्र जून २०२२ पासून कायदा लागू करून शिनजियांगच्या मालावर बंदी घातली. ऊर्जा स्वच्छ म्हणायची, तर ती बनवणारे हातही मोकळे असायला हवेत.

आपल्याकडे काय?

भारताने २०२५ च्या सुरुवातीला सौरऊर्जेत १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. ही मोठी कामगिरी आहे. तरीही आपली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशातूनच येते. राजस्थानात तर पॅनल आहेत, ऊन आहे, पण वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या कमी पडल्याने काही प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करावे लागले.

घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे. १ कोटी घरांचे लक्ष्य आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. पण अनुदान मिळायला आधी छत हवे. भिवंडी, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा विचार करा. तो दाटीच्या मोहल्ल्यात, भाड्याच्या खोलीत राहतो. वरचे छत मालकाचे किंवा पत्र्याचे. रात्रपाळीत माग चालतो तेव्हा ऊन नसते. या योजनेत त्याचे नाव कुठे बसते?

यावर मार्ग नाहीत असे नाही. एका मोठ्या छतावर किंवा मोकळ्या जागेवर सामूहिक प्रकल्प उभारून अनेक कुटुंबांच्या बिलात त्याचा फायदा वळता करता येतो. दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी सूर्यघर योजनेतही किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. शाळा, महाविद्यालये, ट्रस्टच्या इमारती यांची मोठमोठी छते रिकामी पडून आहेत. वस्तीतले जाणते लोक, नगरसेवक, संस्थाचालक यांनी भाडेकरूंना सोबत घेऊन ही मागणी लावून धरायला हवी. यंत्रमागाच्या शहरांसाठी बॅटरी साठवणुकीची वेगळी योजना मागायला हवी.

तेव्हा जग सूर्यावर चालू शकेल का, याचे उत्तर असे. विजेचा मोठा भाग नक्कीच चालू शकेल. बाकीच्याला वारा, पाणी आणि साठवणुकीची जोड लागेल. विज्ञानाने आपले काम बरेचसे केले आहे. उरलेले काम धोरणाचे आणि इन्साफचे आहे. ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच पडते. त्याची वीज फक्त छत असलेल्यांना आणि बिल बिनछताच्यांना, असा व्यवहार होऊ द्यायचा का, हे आताच ठरवावे लागेल. करार एकदा झाले की पुढची वीस-पंचवीस वर्षे ते बदलत नाहीत.