विलो नको, निरगुडी लावा!

काश्मीरची सहल करून आलेल्या प्रत्येकीला हल्ली अंगणात ‘विलो’ हवा असतो. तळ्याकाठी झुकलेल्या त्या नाजूक फांद्या, फोटोत काय गोड दिसतात! नर्सरीवालेही मग ‘मागवून देतो ताई’ म्हणतात. पण मैत्रिणींनो, ते झाड थंडीतलं आणि पाण्यातलं. आपल्या अक्कलकोटात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हंडे-घागरी मोजून भराव्या लागतात. तिथे त्याला रोज पाणी घालणार कोण? शिवाय त्याची मुळं ओलाव्याचा माग काढत पाण्याच्या पाइपात नि शोषखड्ड्यात शिरतात, ते वेगळंच.

झाड गुणी आहे, यात वाद नाही. काश्मीरमध्ये त्याच्या बॅटी होतात, कांगडीची टोपली त्याच्याच फोकांनी विणतात. अ‍ॅस्पिरिनचं मूळही या झाडाच्या सालीत; १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत ते औषध तयार झालं. आणि गंमत म्हणजे विलोचा एक भाऊ आपल्याकडेही आहे, वाळुंज! सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी तो आढळतो. आडनावात तो सर्वांना ठाऊक, झाड मात्र ओळखणारे थोडे. पण त्यालाही पाय पाण्यात लागतात.

मग आपल्या कोरड्या मुलखात लवचीक फोक देणारं झाड कोणतं? निरगुडी! ओढ्याकाठची, बांधावरची. पाच बोटांसारखी पानं, निळसर जांभळे तुरे. शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला उत्तम. सुजलेल्या गुडघ्याला पानं गरम करून बांधायची, धान्यात किडीसाठी सुका पाला घालायचा, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. (पोटात घ्यायचं ते मात्र वैद्यांना विचारूनच हं.) पाट्या, कणग्या, कोंबड्यांची डालगी यासाठी निरगुडीचे फोक आणि तुराट्या हाच आपल्याकडचा माल.

बचत गटाच्या कामानिमित्त टोपल्या विणणाऱ्या बायकांकडे जाणं होतं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “हात हायेत बाई, फोक कुटनं आणू? बांध समदं जेसीबीनं साफ केलं.” प्लॅस्टिकच्या घमेल्यांनी गिऱ्हाईक नेलं, हे आपण नेहमी म्हणतो. पण कच्चा मालच गेला, हे कुणी बोलत नाही. विणकामाचं प्रशिक्षण ठेवायचं, प्रमाणपत्रं वाटायची, फोटो काढायचे, आणि फोकांचा पत्ता नाही! मला तर हे उलटंच वाटतं. आधी झाड, मग प्रशिक्षण. शाळेच्या, समाजमंदिराच्या कडेला, आपल्या कंपाउंडला शोभेच्या परदेशी झुडपांऐवजी निरगुडीची रांग लावली तर काय बिघडेल? ‘रानटी दिसते’ म्हणणाऱ्यांनी एकदा ती फुललेली पाहावी.

लावणं अगदी सोपं. पहिला पाऊस झाला की अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब काड्या आणायच्या, निम्म्याहून जास्त मातीत खोचायच्या. दोन काड्यांत हातभर अंतर पुरे. पहिल्या उन्हाळ्यात धुण्याभांड्यांचं उरलेलं पाणी घातलं तरी चालतं. झुडूप धरलं की दिवाळीनंतर बुंध्याजवळून छाटायचं, म्हणजे सरळ, लांब फोक फुटतात. युरोपात विलोचीही अशीच छाटणी करतात. छाटलेले फोक चुलीत न घालता गल्लीत टोपल्या विणणारी कुणी असेल तिला निरोप धाडा. ओले असतानाच तिला हवेत. वाळले की मोडतात.