सरासरीआड दडलेले दारिद्र्य

नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार बहुआयामी दारिद्र्यात जगणाऱ्यांचे प्रमाण गोव्यात ०.८४, तर कर्नाटकात ७.५८ टक्के आहे. मात्र कर्नाटकाच्या या सरासरीत बंगळुरूची सुबत्ता आणि बीदर-कलबुर्गीची वंचना एकत्रच मोजली जाते. २००२ मध्ये नंजुंडप्पा समितीने अतिमागास ठरवलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ तालुके एकट्या गुलबर्गा विभागातील होते. पुढे ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलम आले. विकास मंडळ स्थापन झाले, शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण मिळाले. पण शाळा अर्ध्यावर सुटलेल्या शेतमजुराच्या मुलाला त्याचा उपयोग काय? बीदरलगत कोळार औद्योगिक वसाहत आहे. तथापि एका वसाहतीने कोरडवाहू तुरीवर विसंबलेल्या साऱ्या पट्ट्याचे पोट भरत नाही. हंगाम सरताच मजूर पुणे, मुंबई, हैदराबादची वाट धरतात. गोव्यातील बांधकामांवर राबणारे उत्तर कर्नाटकातील हातही अशाच प्रादेशिक असमतोलाने इथवर आणले आहेत. त्यांच्या श्रमावर इमारती उभ्या राहतात, त्यांना मात्र पत्र्याची खोली मिळते. म्हणूनच निधी किती खर्च झाला यापेक्षा नाइलाजाचे स्थलांतर किती थांबले, हाच विकासाचा खरा निकष ठरावा.