मेमरीची वीज मेमरीपाशीच हवी

येरवड्यात कॉमरझोनसारख्या आयटी पार्कांत सर्व्हर घेताना एक युक्तिवाद हमखास होतो: इमारतीला यूपीएस आहे, जनरेटर आहे, मग मेमरी मॉड्यूलला वेगळा बॅकअप कशाला? ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे दाट धुक्यात अतिउच्चदाब वाहिन्या ट्रिप होऊन पुणे-पिंपरी चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला. अशा वेळी यूपीएस आणि जनरेटरच तारतात, हे खरे. पण वीज फक्त बाहेरूनच जाते, हे गृहीतच मला मान्य नाही. रॅकमध्ये वीज वाटणारा पीडीयू ट्रिप होतो, पॉवर सप्लाय जळतो, घाईत भलतीच केबल उपसली जाते. तेव्हा यूपीएस काठोकाठ भरलेला असूनही त्याची वीज बोर्डापर्यंत पोचत नाही. केबल निघाल्यावर सर्व्हरचा पॉवर सप्लाय जेमतेम दहा-वीस मिलिसेकंद तग धरतो.

यावर उपाय म्हणजे एनव्हीडीआयएमएम-एन प्रकारचे मेमरी मॉड्यूल; त्यावर डीरॅमच्या शेजारीच फ्लॅश असते. वीज जाताच डीरॅममधला मजकूर फ्लॅशवर उतरवायचा, एवढेच काम. १६ जीबी मजकूर सेकंदाला ४०० एमबी वेगाने उतरवायला ४० सेकंद लागतात. दहा वॅट धरले तर ४०० ज्यूल. एवढी ऊर्जा सुपरकपॅसिटरमध्ये साठवून मॉड्यूलच्या हाताशी ठेवणे मुळीच अवघड नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, मग लिथियम बॅटरी लावा. तेवढ्याच जागेत तिच्यात कितीतरी जास्त ऊर्जा मावते. एका पॅकवर अनेक मॉड्यूल चालवायची असतील तर या म्हणण्यात तथ्य आहे. पण डिस्क सांभाळणाऱ्या जुन्या रेड (RAID) कार्डांवर बॅटरी लागे, कारण वीज परत येईपर्यंत कॅशे जिवंत ठेवावा लागे, कधी दोन-तीन दिवस. फ्लॅश आल्यावर ती गरजच उरली नाही. मिनिटभराच्या कामासाठी काही वर्षांत बदलावी लागणारी बॅटरी का पोसायची? सुपरकपॅसिटर लाखो वेळा भरतो-रिकामा होतो, आणि त्याची झीज मोजता येते.

उष्णता मात्र त्यालाही सोडत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, आणि प्रोसेसरमागून येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते. म्हणून तो हवेच्या वाटेवर पुढे, प्रोसेसरच्या आधी बसवावा. क्षमता ३० टक्के घटली की कपॅसिटर संपला असे मानतात. चारशे ज्यूलची गरज असताना नवा कपॅसिटर साडेचारशेचा घेतला, तर अखेरीस हाती ३१५ उरतील आणि मजकूर अर्धवट राहील. हिशेब अखेरच्या दिवसाचा मांडला तर किमान ५७२ हवेत. मी सहाशेच्या खाली येणार नाही. खरेदीच्या निविदेत हा आकडा आणि दर महिन्याच्या क्षमता-चाचणीची अट, दोन्ही लिहून घ्यावीत.