तार कुणाच्या डोक्यावरून?

मी गोदी कामगार. कोळशाची बोट लागली की चार दिवस थुंकी काळी. म्हणून झारखंडच्या गोड्ड्याचं ऐकून हसूच आलं. जिल्ह्याच्या पोटात ललमटियाची कोळसा-खाण. आणि तिथल्याच अदाणींच्या 1600 मेगावॉट केंद्राला कोळसा येतो परदेशातून, बोटीनं, ओडिशाच्या धामरा बंदरात! 2023 पासून ती वीज 400 केव्हीच्या तारांनी बांगलादेशात जाते.

बांगलादेशात दिवा लागावा, माझी ना नाही. तिथला मजूर आपलाच. पण 2017 चा करार करताना संथाल, दलित शेतकऱ्याला कुणी विचारलं? 2018 मध्ये उभ्या भातात मशीन घातली, असं तिथलेच लोक सांगतात. जुलै 2022 मध्ये फरक्क्याला आंबा-लिचीच्या बागांवरून तार ओढायला लागले. बागवाले आडवे आले, तर पोलिसांच्या लाठ्या.

ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्याचं सरकार पडलं. आठवड्याभरात दिल्लीनं निर्यातीचा नियम बदलला; हीच वीज देशातही विकायची मुभा. शेठचं काम कसं झटक्यात होतं बघा दोस्तांनो! बागवाले 2023 मध्ये कलकत्ता हायकोर्टात गेले होते. त्यांना तारीख मिळाली.