विश्लेषण : ३६१ व्या क्रमांकावरून थेट उपांत्य फेरीत! लोइस बोइसनचा ‘चमत्कार’ नेमका कसा घडला?

जून २०२५ मध्ये फ्रेंच ओपन सुरू असताना सोशल मीडियावर एकच नाव फिरत होतं, लोइस बोइसन. जागतिक क्रमवारीत ३६१ व्या स्थानावर असलेली फ्रान्सची ही २२ वर्षांची खेळाडू थेट उपांत्य फेरीत पोहोचली. त्याआधी ती एकाही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत खेळली नव्हती. सगळ्यांनी याला चमत्कार म्हटलं. पण ती ३६१ व्या क्रमांकावर का होती, हे समजून घेतलं तर टेनिसची एक वेगळीच बाजू दिसते.

कोण आहे लोइस बोइसन?

बोइसनचा जन्म २००३ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात झाला. तिची कारकीर्द घडली ती टीव्हीवर न दिसणाऱ्या छोट्या स्पर्धांमध्ये. एप्रिल २०२५ मध्ये रुआँच्या स्पर्धेत तिने ब्रिटनच्या हॅरिएट डार्टला सहज हरवलं. त्या सामन्यात डार्टने पंचांकडे तक्रार केली, की बोइसनला डिओडरंट लावायला सांगा. ती क्लिप जगभर व्हायरल झाली आणि डार्टने नंतर माफीही मागितली. बोइसनने मात्र हातात डिओडरंट धरलेला स्वतःचा फोटो टाकून विषय हसण्यावारी नेला. अनेकांना तिचं नाव पहिल्यांदा कळलं ते असं. तिच्या खेळाची चर्चा सुरू व्हायला आणखी दीड महिना जावा लागला.

खालच्या स्तरावरचं टेनिस म्हणजे काय?

सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. त्याखाली डब्ल्यूटीएच्या १०००, ५०० आणि २५० गुणांच्या स्पर्धा. मग डब्ल्यूटीए-१२५. आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा : डब्ल्यू-१००, डब्ल्यू-७५, डब्ल्यू-५०, डब्ल्यू-३५ आणि डब्ल्यू-१५. नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण.

डब्ल्यू-१५ स्पर्धेत एकूण बक्षीस असतं १५ हजार डॉलर, म्हणजे जेमतेम १३ लाख रुपये. ते एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंमध्ये वाटलं जातं. विमानाचं तिकीट, राहणं, प्रशिक्षकाचा खर्च बहुतेक वेळा खेळाडूच्या खिशातून जातो. म्हणजे सामना जिंकूनही आठवडा तोट्यात जाऊ शकतो.

गुणांचा हिशेब तर आणखी बोलका आहे. ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीला ७८० गुण मिळतात. डब्ल्यू-१५ जिंकून तेवढे मिळवायचे तर ५२ विजेतेपदं लागतील, म्हणजे वर्षातला प्रत्येक आठवडा. हा हिशेबही कागदावरचाच, कारण क्रमवारीसाठी मोजक्याच सर्वोत्तम निकालांचे गुण धरले जातात.

मग ती ३६१ व्या स्थानावर का होती?

मे २०२४ मध्ये बोइसनने सँ मालोची डब्ल्यूटीए-१२५ स्पर्धा जिंकली आणि ती दीडशेच्या आसपास पोहोचली. फ्रेंच ओपनचं वाइल्ड कार्डही मिळालं. पण स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी तिच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रिया झाली आणि ती कित्येक महिने कोर्टबाहेर राहिली.

क्रमवारीत फक्त मागच्या ५२ आठवड्यांचे गुण धरले जातात. खेळाडू जखमी असली तरी जुने गुण एकेक करून गळत राहतात. बोइसनचंही तेच झालं. तिचा खेळ ३६१ व्या क्रमांकाचा नव्हताच, तिचा आकडा तेवढा घसरला होता.

पॅरिसमध्ये काय घडलं?

२०२५ मध्ये तिला पुन्हा वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्याच फेरीत तिने २४ वी मानांकित एलिस मर्टेन्सला हरवलं. चौथ्या फेरीत तिसरी मानांकित जेसिका पेगुला, मग सहावी मानांकित मिरा आंद्रेयेवा गारद झाली. उपांत्य फेरीत कोको गॉफने तिला ६-१, ६-२ असं रोखलं आणि पुढे विजेतेपदही पटकावलं. २०११ मध्ये मारियन बार्तोलीनंतर इथवर पोहोचलेली बोइसन ही पहिली फ्रेंच महिला ठरली.

तिला ६ लाख ९० हजार युरो मिळाले, साधारण पावणेसात कोटी रुपये. क्रमवारीत ती ३६१ वरून थेट ६५ वर आली.

यात नशिबाचा वाटा किती?

इथे वाइल्ड कार्डचं गणित पाहावं लागतं. २०२५ मध्ये महिला एकेरीची आठ वाइल्ड कार्डं होती आणि त्यातली सहा फ्रेंच खेळाडूंना मिळाली. उरलेली दोन अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला गेली, कारण तेही आपल्या ग्रँड स्लॅममध्ये फ्रेंच खेळाडूंना जागा देतात. ज्या देशाकडे ग्रँड स्लॅम नाही, तिथल्या ३६१ व्या क्रमांकाच्या खेळाडूला ही वाट जवळपास बंदच असते. पेगुलाला हरवलं ते बोइसननेच, पण पेगुलासमोर उभं राहण्याची संधी तिला पासपोर्टनेही दिली.

हे विम्बल्डनला लगेच सिद्ध झालं. तिथल्या प्रवेशाची मुदत फ्रेंच ओपनआधीच संपली होती, त्यामुळे ६५ वा क्रमांक उपयोगी पडला नाही. वाइल्ड कार्डही मिळालं नाही. ती पात्रता फेरी खेळली आणि पहिल्याच सामन्यात हरली. जुलैमध्ये मात्र हॅम्बुर्गची डब्ल्यूटीए-२५० स्पर्धा जिंकून तिने पहिल्या पन्नासांत जागा मिळवली. तिथे स्वतःच्या क्रमवारीवर भागलं, कुणाच्या मेहेरबानीची गरज पडली नाही.

पुढे काय?

पॅरिसचे ७८० गुणही ५२ आठवड्यांचेच पाहुणे आहेत. पुढच्या फ्रेंच ओपनला ते जातील, आणि तोवर इतर स्पर्धांमधून गुण जोडले नसतील तर क्रमवारी पुन्हा घसरेल. गुडघा साथ देतो का, हाही प्रश्न आहेच.

या स्तरावरचं टेनिस महाराष्ट्रापासून लांब नाही. मुंबई ओपन ही सँ मालोसारखीच डब्ल्यूटीए-१२५ स्पर्धा आहे. २०१७ मध्ये ती जिंकणारी अरिना सबालेन्का पुढे जागतिक क्रमवारीत अव्वल झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा होते, सोलापुरातही झाली आहे. तिथे खेळणाऱ्या दोनशे-तीनशेव्या क्रमांकाच्या मुलीचा आकडा पाहून तिचा खेळ ठरवायची घाई करू नये. तो आकडा तिच्या दुखापतीचाही असू शकतो.